सतराव्या शतकातील लंडन आणि आजचे दैनंदिन जीवन

प्रेशर कुकर, एकाच दराचे टपाल आणि विमा या आजच्या घराघरांत परिचित झालेल्या तीन गोष्टींची मुळे सतराव्या शतकातील लंडनमध्ये आढळतात. १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ चा अग्निप्रलय सोसणाऱ्या या शहरात अनेक नव्या कल्पना प्रत्यक्षात आल्या. त्यांच्या जनकांच्या वाट्याला मात्र उपेक्षाच अधिक आली.

लंडनमध्ये १६६० साली रॉयल सोसायटी स्थापन झाली. प्रयोग सदस्यांसमक्ष करून त्याची नोंद ठेवण्याचा प्रघात या संस्थेने पाडला. फ्रान्समधून आलेले डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे सादर केले. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो व पाणी अधिक तापमानाला उकळते. त्यामुळे कठीण हाडेही मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून पापिन यांनी त्याला वजनाने दाबलेली झडप बसविली. आजच्या कुकरच्या शिट्टीचे मूळ याच झडपेत आहे. टाकाऊ हाडांतून गरिबांना स्वस्तात सकस अन्न मिळावे, हा त्यांचा एक हेतू होता. त्यांची अखेरची वर्षे मात्र लंडनमध्येच विपन्नावस्थेत गेली.

विल्यम डॉक्रा यांनी १६८० मध्ये लंडन शहरापुरती 'पेनी पोस्ट' सुरू केली. एक पौंड वजनापर्यंतचे टपाल एका पेनीत घरपोच मिळू लागले. शुल्क आगाऊ भरल्याचा शिक्काही पत्रावर उमटविला जाई. टपालाचे उत्पन्न राजबंधू ड्यूक ऑफ यॉर्क यांच्याकडे असल्याने डॉक्रा यांच्यावर खटला झाला आणि १६८२ मध्ये ही सेवा सरकारने ताब्यात घेतली. अंतर कितीही असो, दर एकच, हे तत्त्व ब्रिटनमध्ये १८४० साली, तर भारतात १८५४ साली अर्ध्या आण्याच्या टपालाने देशभर लागू झाले.

विम्याच्या शास्त्राचा पाया जॉन ग्रॉन्ट या कापड व्यापाऱ्याने घातला. लंडनमधील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या अभ्यासून त्यांनी १६६२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभरापैकी सुमारे ३६ मुले वयाच्या सहाव्या वर्षाआधीच दगावतात, असा अंदाज त्यांनी मांडला. एका व्यक्तीचा मृत्यू अनिश्चित असला, तरी मोठ्या समूहाच्या मृत्यूंत नियमितता असते, हे त्यातून स्पष्ट झाले. याच विचारावर पुढे आयुर्विमा आणि जनसंख्याशास्त्र उभे राहिले.

१६६६ च्या आगीत तेरा हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्यानंतर निकोलस बार्बन यांनी १६८० च्या सुमारास घरांचा अग्निविमा सुरू केला. ग्रॉन्ट यांना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचे घर त्याच आगीत जळाले होते आणि १६७४ मध्ये दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले.