विमानातील विजेचा लगाम : पुस मॉथपासून डायमंडपर्यंत

धागा.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांच्या पुस मॉथ विमानात टपाल होते, रेडिओ नव्हता. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येई. मॅग्नेटो हे कायम चुंबकावर चालणारे स्वयंपूर्ण यंत्र; त्याला बॅटरी लागत नाही. त्यामुळे वीज बिघडून लहान विमान संकटात सापडणे, ही कल्पनाच त्या पिढीला जवळजवळ परकी होती.

ही परंपरा दीर्घकाळ टिकली. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकले आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी भारताची पहिली प्रशिक्षण विमाने रचली. त्यांचे एचटी-२ हे १९५१ मध्ये उडाले. (उमरग्याच्या वाचकांसाठी : आपल्या शेजारच्या बीदरला १९६० च्या दशकात हवाई दलाचे नवशिके याच विमानावर हात बसवीत.) १९५८ मध्ये आले पुष्पक, ९० अश्वशक्तीचे. त्याचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे.

मग रात्रीचे उड्डाण, रेडिओ, दिशादर्शक उपकरणे, विजेवर हलणारे फ्लॅप आले आणि विजेची भूक वाढली. प्रारंभी ती डायनॅमोने भागवली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या कोणत्याही जुन्या बॅटरीवाल्याला विचारा. डायनॅमो, त्याचे कार्बन आणि त्याचा ‘कटआऊट’ यांची सारी दुखणी तो सांगेल. सर्वांत मोठे दुखणे असे, की इंजिन मंद असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. धावपट्टीच्या टोकाशी दिवे लावून थांबलेल्या विमानाला हे परवडणारे नव्हते.

१९६० च्या दशकात सिलिकॉन डायोड स्वस्त झाले. आधी मोटारींत आणि पाठोपाठ लहान विमानांत अल्टरनेटर आला. तो हलका, मंद गतीतही वीज देणारा. पण त्याच्या गुणातच एक धोका दडलेला होता आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे.

अल्टरनेटरच्या फिरत्या भागातील गुंडाळीला थोडा प्रवाह द्यावा लागतो. त्याला फील्ड म्हणतात. रेग्युलेटर हा प्रवाह कमी-अधिक करून दाब १४ किंवा २८ व्होल्टवर राखतो. रेग्युलेटर आतून ‘शॉर्ट’ झाला, तर फील्डला पूर्ण दाब मिळतो. दाब वाढला की फील्ड वाढते, फील्ड वाढले की दाब आणखी वाढतो. आरंभी बॅटरी हा अतिरेक गिळते; तिचे आम्ल तापते, उकळू लागते. तिची सहनशक्ती संपली किंवा ती मंडलातून सुटली, की १४ व्होल्टचा अल्टरनेटर शंभर व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. जुन्या रेडिओतील काचेचे व्हॉल्व्ह क्षणभराचा अतिदाब सोसत. ट्रान्झिस्टर सोसत नाहीत.

येथे ब्रेकर उपयोगी का पडत नाही? कारण तो प्रवाह मोजतो, दाब नव्हे. आणि अल्टरनेटरचा प्रवाह त्याच्या रचनेमुळेच मर्यादेत राहतो. म्हणून अभियंत्यांनी दाबावर नजर ठेवणारा स्वतंत्र पहारेकरी नेमला. तोडायचे कुठे, हाही प्रश्न सोपा नव्हता. जाडजूड मुख्य तार तोडण्याऐवजी फील्डची बारीक तार तोडणे शहाणपणाचे ठरले. फील्ड गेले की अल्टरनेटर आपोआप निःशक्त होतो.

हौशी विमानबांधणी करणाऱ्यांत दुसरी, काहीशी आडदांड रीत रूढ झाली. अतिदाब दिसताच एक थायरिस्टर फील्डची तार थेट जमिनीशी जोडतो आणि तिचा छोटा ब्रेकर उडतो. तिचे इंग्रजी नाव ‘क्रोबार’, म्हणजे चक्क आपली पहार : दोन तारांवर पहार टाकावी तसा प्रकार. तिच्यावर टीकाही झाली, कारण क्षणिक झटक्यानेही ती विनाकारण उडे. पुढे तिच्यात सेकंदाच्या अंशाचा विलंब घालण्यात आला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, २८ व्होल्टच्या सेस्ना १५२ मध्ये हा पहारेकरी कारखान्यातूनच बसून येई. साधारण ३२ व्होल्टच्या आसपास तो फील्ड तोडी आणि लाल दिवा लागे : ‘हाय व्होल्टेज’. वैमानिकाने मास्टर स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. दिवा परत लागला, तर शक्य तितक्या लवकर उतरायचे. गंमत पाहा, दिवा लागतो तेव्हा अल्टरनेटर बंद असतो, म्हणजे दाब उलट घसरू लागलेला असतो! नंतरच्या विमानांत पाटी बदलली : ‘लो व्होल्टेज’. जुनी पाटी कारण सांगे, नवी पाटी सद्यःस्थिती सांगते. घाबरलेल्या विद्यार्थ्याला नवीच अधिक उपयोगी, असे मला वाटते.

अल्टरनेटर तोडून टाकण्याचे हे धाडस करता आले, ते मॅग्नेटोमुळे. वीज गेली तरी इंजिन चालू राहते. परंतु नव्या डिझेल विमानांत इंजिनाचे नियंत्रणच संगणकाकडे असते. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे डायमंड डीए-४२ च्या वैमानिकाने, बॅटरी उतरलेली असताना बाहेरच्या विजेवर इंजिने सुरू केली. उड्डाणानंतर चाके आत घेताच दाब क्षणभर कोसळला, दोन्ही नियंत्रण-संगणक खचले आणि दोन्ही इंजिने थांबली. त्यानंतर या संगणकांना स्वतंत्र राखीव बॅटऱ्या देण्यात आल्या. डायमंडची विमाने आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवरही प्रशिक्षणासाठी उडतात.