राजाचे दोन लाडके आणि एक सही

आजची गोष्ट फ्रान्सच्या दरबारातल्या दोन तरुण सरदारांची. एक अ‍ॅन द झ्वायूझ. अ‍ॅन हे तिकडे तेव्हा पुरुषाचंही नाव असायचं, तेव्हा गोंधळू नका. दुसरा झां-लुई द नोगारे, ज्याला इतिहास एपेर्नोंचा ड्यूक म्हणून ओळखतो. दोघंही राजा तिसरा हेन्री याच्या खास मर्जीतले.

हेन्री १५७४ मध्ये गादीवर आला, तेव्हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातली यादवी सुरू होऊन बारा वर्षं झाली होती. सैन्यातली मोठी पदं आणि प्रांतांचा कारभार बड्या घराण्यांकडे. त्यात गीज घराणं सगळ्यात जोरात. राजाने हुकूम काढला तरी तो खाली पोचेल याची खात्री नाही!

मग हेन्रीने काय केलं? बड्यांना बाजूला ठेवून मधल्या फळीतल्या सरदारांची पोरं वर आणली. लोक त्यांना 'मिन्यों', म्हणजे लाडोबा, म्हणून हिणवायचे. त्यांचे कपडे, त्यांचे केस, सगळ्याची टर उडवायचे. पण ही नुसती राजाची हौस नव्हती, यात हिशेब होता. १५८१ मध्ये दोघंही ड्यूक झाले. झ्वायूझचं लग्न राणीच्या सावत्र बहिणीशी लागलं आणि पुढच्या वर्षी तो फ्रान्सचा अ‍ॅडमिरल झाला. एपेर्नोंला मिळालं पायदळाच्या कर्नल-जनरलचं पद.

ऐकायला अ‍ॅडमिरल भारी वाटतं ना? पण खरी ताकद दुसऱ्या पदात होती. १५८४ मध्ये राजाने त्या पदाला थेट राजमुकुटाच्या पदांचा दर्जा दिला. असं पद सहसा मरेपर्यंत टिकायचं. शिवाय पायदळातले अधिकारी कोण असावेत, ते सुचवायचा हक्कही त्यासोबत आला. आता सांगा, कॅप्टन कुणाशी इमान राखणार? ज्याच्यामुळे नेमणूक झाली त्याच्याशी. थोडक्यात, राजाने अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस देऊन टाकला आणि परत घ्यायचं बटण ठेवलंच नाही.

पुढे झ्वायूझचं वजन एपेर्नोंपुढे कमी व्हायला लागलं. आपणही काही कमी नाही हे दाखवायला तो सैन्य घेऊन निघाला. २० ऑक्टोबर १५८७, कूत्राची लढाई. समोर नवारचा हेन्री, प्रॉटेस्टंटांचा नेता. झ्वायूझच्या घोडेस्वारांनी भाले रोखून लांबूनच दौड सुरू केली, त्यामुळे रांग विस्कटली. समोरचे दाट फळी करून, पिस्तुलं घेऊन थांबले होते. लढाई फार वेळ चाललीच नाही. त्याच उन्हाळ्यात झ्वायूझच्या सैन्याने शरण आलेल्या प्रॉटेस्टंट शिपायांची कत्तल केली होती. आता तो स्वतः पकडला गेला, तेव्हा त्यालाही दया मिळाली नाही. त्याचा धाकटा भाऊही तिथेच पडला.

एपेर्नोंचं काय? १५८८ मध्ये गीजच्या दबावाखाली राजाने त्याला दूर केलं, नॉर्मंडीचा कारभारही गेला. आंगुलेममध्ये त्याला मारायचा प्रयत्न झाला. पण कर्नल-जनरलचं पद सुटलं नाही. १५८९ मध्ये हेन्रीचा खून झाला आणि तोच नवारचा हेन्री चौथा हेन्री म्हणून राजा झाला. एपेर्नों आपलं सैन्य घेऊन सरळ निघून गेला! पुढे समझोता झाला. १४ मे १६१० ला चौथ्या हेन्रीचा बग्गीत खून झाला, तेव्हा एपेर्नों त्याच बग्गीत होता. त्याच दिवशी त्याने शहरात पहारे बसवले आणि पॅरिसच्या न्यायसभेवर दबाव आणून राणी मारी द मेदिचीला राज्यपालक जाहीर करायला लावलं. कसं जमलं? पहाऱ्यावरचं पायदळ त्याच्या हाताखालचं होतं.

एपेर्नों १६४२ मध्ये, ८७ व्या वर्षी वारला. पद मुलाकडे गेलं. मुलगा १६६१ मध्ये वारला आणि चौदाव्या लुईने ते पदच रद्द केलं. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आता राजा स्वतः बघणार. बड्या घराण्यांना शह द्यायला एका राजाने दिलेली सही परत मिळवायला ऐंशी वर्षं लागली.

म्हणून मंडळी, दरबाराचा इतिहास वाचताना राजाचा लाडका कोण, एवढंच बघू नका. नेमणुकीच्या कागदावर सही कुणाची होती, तेही शोधा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!