एकसष्टाची वर्गप्रकृती



स्मृतिव्याख्यानात एखाद्या थोर पुरुषाविषयी बोलावे, असा प्रघात आहे. मी आज एका संख्येविषयी बोलणार आहे. ती संख्या १,७६,६३,१९,०४९.

भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात एक प्रश्न आहे : कोणत्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो? ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ चा वर्ग घेऊन ३१ चा वर्ग मिळतो. ६२ घेतले तर ८ वरून ६३. शाळकरी मुलासही हे पडताळता येईल. मधल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि त्यातून येणाऱ्या वर्गाचे मूळ म्हणजे आपली संख्या. शंभराच्या आत इतका हट्टी गुणक दुसरा नाही.

अंदाजाने हे सुटणे नाही. आचार्य चक्रवाल रीतीने जातात. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक. तेथून एकाच फेरीत ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ गुणिले ५ चा वर्ग १५२५ येतात. अंतर उणे ४. उणे ४ वरून १ वर कसे यावे, हे ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्येच सांगून ठेवले होते. या संख्येतून १ वजा केला तर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते. १ मिळविला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. मला तरी हे सौंदर्य उत्तराहून अधिक मोहविते.

१६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न आपल्या देशबांधवांपुढे टाकला; फार त्रास नको म्हणून लहान संख्या निवडल्याचे वर लिहिले! भास्कराचार्यांचे बीजगणित त्याने पाहिले असण्याचा संभव नाही. काठिण्यानेच दोघांना एका जागी आणले. पुढे ऑयलरच्या गैरसमजुतीने या समीकरणास पेल या इंग्रजाचे नाव चिकटले, ते अजून सुटत नाही.

हे सांगताना आपला आवाज चढतो. चढू द्यावा, पण हिशेब चोख असावा. चक्रवाल भास्कराचार्यांचे एकट्याचे नव्हे. त्यांच्या आधीच्या जयदेव नावाच्या गणित्याच्या कारिका १०७३ मधील एका टीकेत उद्धृत आहेत, आणि त्या १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उजेडात आणल्या. शिवाय उत्तर काढणे निराळे आणि ते प्रत्येक वेळी निघेलच हे सिद्ध करणे निराळे. असे उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले. चक्रवालाची फेरी कधीच फसत नाही, याची सिद्धता मात्र म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ च्या सुमारास दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील.