प्रार्थनेतील नावे

दूरदेशी गेलेल्या माणसाचे नाव घरच्या देवापुढे रोज घेतले जाते, हे बदलीच्या निमित्ताने रायपुरास येऊन राहिलेल्या आम्हां मराठी नोकरदारांना सांगावयास नको. परंतु रणांगणावर गेलेल्या सैनिकासाठी केलेली प्रार्थना घराचा उंबरठा ओलांडून राज्याची व धर्मसंस्थेची होते, तेव्हा तीत नाव कोणाचे उरते? मुंबईच्या कुलाब्यातील सेंट जॉनचे चर्च, लोकांच्या तोंडचे ‘अफगाण चर्च’, पाहताना हा प्रश्न मनात उभा राहतो.

१८३८ च्या अखेरीस मुंबई इलाख्याची फौज गलबतांतून सिंधच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे बोलन घाटातून अफगाणिस्तानात गेली. तीत गोऱ्या सैनिकांबरोबर देशी शिपायांच्या पलटणीही होत्या. त्यांपैकी पाचव्या पलटणीच्या एका तुकडीने १८४० साली बलुचिस्तानातील काहान येथे वेढ्यात अडकून कित्येक महिने टिकाव धरला. ही पलटण कालांतराने मराठा पायदळात गणली गेली. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना इंग्रज अधिकारी व त्यांचे कुटुंबीय अफगाणांचे कैदी झाले. रणभूमीवर सापडलेल्या एका बायबलाच्या व प्रार्थनापुस्तकाच्या आधारे ते कैदेत रविवारची उपासना करीत. त्या प्रार्थनापुस्तकात जलमार्गाने व भूमार्गाने प्रवास करणारे, आजारी आणि बंदिवान अशा सर्वांसाठी एकत्र विनवणी आहे. तीत कोणाचेही नाव नाही. म्हणूनच ती कोणालाही वगळत नाही.

या युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून कुलाब्याचे चर्च उभे राहिले. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते त्याचे धर्मविधिपूर्वक अर्पण झाले; सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. सामान्य सैनिकांविषयी शिलालेख एवढेच सांगतो की, त्यांची संख्या फार मोठी असल्याने नावे देणे शक्य नाही. प्रार्थनापुस्तकाने न सांगितलेला भेद भिंतीने केला.

त्याच जानेवारीत आमच्या रायपुरात काय घडले? अर्पणविधीला अकरा दिवस होतात न होतात तोच, १८ जानेवारी रोजी, हनुमानसिंह या दारूगोळा विभागातील लष्कराने सार्जंट मेजर सिडवेल यांस ठार केले. हनुमानसिंह निसटला, त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारी रोजी फाशी देण्यात आले. त्या सतरा जणांची नावे, हिंदूंची तशीच मुसलमानांचीही, आजही सांगता येतात. सरकारविरुद्ध उठलेल्यांची नावे राहिली आणि सरकारसाठी परमुलखात मेलेल्यांची लोपली, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

पहिल्या महायुद्धात हा भेद एका बाजूने थोडा कमी झाला. १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्सला गेले, तेव्हा यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनने त्याच्यासाठी विसाव्याची ठिकाणे उघडली. हिंदी शिपायांमध्ये धर्मप्रचार करावयाचा नाही, या अटीवर सरकारने त्यांना परवानगी दिली होती. प्रवचनाला मज्जाव झाल्यावर या कार्यकर्त्यांच्या हाती निराळीच सेवा आली. निरक्षर शिपायांची पत्रे त्यांनी लिहून दिली. ६ जानेवारी १९१८ रोजी बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या आवाहनावरून सार्वत्रिक प्रार्थनादिन पाळला गेला. तो संबंध सैन्यासाठी होता. पत्र मात्र नावावाचून लिहिताच येत नाही. कोण लिहितो आणि कोणाला, हे आधी विचारावेच लागते.

परंतु दगडावरचा भेद मिटला नाही. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या आणि त्यांच्यापैकी काही कुतच्या वेढ्यात सापडल्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे झालेले स्मारक चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे आहे. तेथेही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि सामान्य हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या. या वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली.

प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती, असे कोणी म्हणू नये. ‘सर्वांसाठी’ म्हणणारी विनवणी ईश्वरापुढे पुरेशी असेल. तो नावे जाणतो, अशी भाविकाची धारणा असते. ज्या राज्याने माणसाला समुद्रापार धाडले, त्याला मात्र ही सवलत नाही. ज्याचे नाव पगारपत्रकात लिहिले, त्याचे नाव भिंतीवर लिहावयास जागा अपुरी पडली, हे कारण कोकणातल्या त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगावयाचे? तिने तर ते नाव एकही दिवस गाळले नसेल.