काळीज पाहण्याची गोष्ट

मी कविता लिहिणारा माणूस. घरात उर्दू, लिहायला मराठी, असं माझं दोन भाषांत येणंजाणं. उर्दूतलं 'जिगर' म्हणजे यकृत. मराठीतला 'काळीज' हा शब्दही मुळात यकृताचाच. पुढे तो हृदयाकडे सरकला. दोन्ही भाषांतल्या कवींनी आपल्या सुखदुःखाचा भार याच अवयवावर टाकला. पण जिवंत माणसाचं काळीज न कापता पाहता येऊ लागलं, ते अगदी अलीकडे. ही गोष्ट आज सांगावीशी वाटते, कारण कर्करोग यकृतात पसरल्याची शंका आली की 'कुठला फोटो काढायचा?' हा प्रश्न कितीतरी घरांपुढे उभा राहतो.

आतड्यांतलं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग पुढे जातं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून सुटलेल्या पेशी त्यामुळे बहुधा तिथेच मुक्काम करतात. पूर्वी 'यकृतात गेला' म्हणजे सारं संपलं, असं मानत. आज निवडक रुग्णांत यकृताचा तेवढा भाग काढून टाकता येतो, आणि उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. म्हणूनच गाठी किती आणि नेमक्या कुठे, हे कळणं मोलाचं झालं.

१८९५ साली जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांच्या पत्नीच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी जगाने पाहिली. पण यकृत मऊ, आणि त्यातली गाठही जवळजवळ तितकीच मऊ. साध्या एक्स-रेला दोन्ही सारखीच. १९५०च्या दशकात अमेरिकेत किरणोत्सारी सोन्याचे सूक्ष्म कण शिरेतून देण्याची युक्ती निघाली. निरोगी यकृत ते कण टिपून घेई. गाठ टिपत नसे. चित्रात जिथे भोक, तिथे रोग. लहान गाठी मात्र त्यातून निसटत.

१९५८मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोट पाहण्याचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला. धातूतली भेग शोधण्याचं कारखान्यातलं तंत्र त्यांनी माणसासाठी वापरलं होतं. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला पोटाचा कर्करोग, असं निदान झालेली एक बाई त्यांच्यापुढे आली. ध्वनिलहरींनी दाखवलं, की ही तर अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ. ती काढली आणि बाई वाचली. तीच आपली सोनोग्राफी. स्वस्त, किरणांशिवाय होणारी, तालुक्याच्या गावीही मिळणारी. पहिली चाहूल बहुधा तीच देते. मात्र यकृतावर चरबी असली किंवा आतड्यात वायू असला, की तिची नजर अडते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन केला. तेव्हा एकेका छेदाला मिनिटं लागत. डोकं स्थिर ठेवता येतं. यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं. यंत्रं वेगवान झाली तेव्हाच यकृताचं चित्र स्वच्छ झालं. त्याहून मोठी युक्ती रक्तपुरवठ्यात सापडली. यकृताला सुमारे पाऊण रक्त आतड्यांकडच्या शिरेतून मिळतं, तर तिथे रुजलेली गाठ मुख्यतः धमनीवर जगते. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर सत्तरेक सेकंदांनी यकृत उजळतं आणि आतड्यातून आलेली गाठ काळी राहते. सीटी स्कॅनमध्ये औषध कुठलं, याइतकाच फोटो कितव्या सेकंदाला, हाही प्रश्न असतो तो यामुळे.

एमआरआयची चित्रं १९७३पासूनची. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३चं नोबेल मिळालं. पुढे फक्त यकृताच्या पेशींत शिरणारं औषध आलं. वीसेक मिनिटांनी यकृत उजळतं, गाठीच्या जागी काळा ठिपका. सोन्याच्या कणांची जुनीच कल्पना, फक्त आता काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते.

पेट स्कॅनची तऱ्हा उलटी. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये दाखवलं होतं. १९७६ साली फिलाडेल्फियात किरणोत्सारी साखर प्रथम माणसाला देण्यात आली. मुंबईत परळला पहिलं पेट यंत्र २००२ साली आलं. यात गाठच चमकते, आणि डोक्यापासून मांडीपर्यंत एकाच वेळी शोध घेता येतो. पण यकृत स्वतःही साखर घेतं, म्हणून त्यातली अगदी लहान गाठ त्या उजेडात हरवू शकते.

माझ्या मामूंना आतड्याचा कर्करोग निघाला, सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसला, तेव्हा घरात एकच सूर होता, 'सगळ्यात महागडी मशीन असेल तिथे न्या.' गावात कुणीतरी पेट स्कॅनचं नाव काढलेलं. मामी बांगड्या काढून बसल्या होत्या. डॉक्टरांनी आधी विचारलं, 'शस्त्रक्रियेची तयारी आहे का?' हो म्हटल्यावर त्यांनी सीटी आणि मग यकृताचा एमआरआय लिहून दिला.

त्या प्रश्नामागचं शहाणपण पुढे मोठ्या अभ्यासांत दिसलं. कॅनडात, आतड्यातून यकृतात गेलेल्या आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ४०४ रुग्णांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. पेट-सीटीमुळे शस्त्रक्रियेचा बेत सुमारे ८ टक्के जणांतच बदलला. आयुष्यमानात फरक दिसला नाही. २०२४मध्ये युरोपातला अभ्यास आला. अशाच २९८ रुग्णांत सीटीनंतर यकृताचा एमआरआय केल्यावर ३१ टक्के जणांचा उपचाराचा बेत बदलला. याचा अर्थ पेट निरुपयोगी असा नाही. यकृताबाहेर रोग कुठे आहे, हे शोधताना तो कामी येतो. प्रत्येक यंत्राला वेगळं दिसतं, इतकंच.

तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. या तपासणीतून आपण नेमकं काय शोधतो आहोत? आणि ते सापडलं किंवा नाही सापडलं, तर उपचार काय बदलेल? जाताना जुन्या फिल्म, सीडी आणि रक्तातल्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंडाची स्थिती पाहावी लागते. बांगड्या विकायच्याच असतील, तर त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर विकाव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)