दाखला क्रमांक १९१४

७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’. २०१७ साली शासनाने निर्णय काढला, तेव्हापासून राज्यातल्या शाळांत तो साजरा होतो. फोटोला हार, दोन भाषणं आणि निबंध स्पर्धा. मी मराठीही शिकवतो आणि उर्दूही, त्यामुळे निबंध तपासायचं काम माझ्याकडे नेहमीच येतं. मुलं महूच्या जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सगळं लिहितात आणि ज्या दिवसासाठी निबंध आहे तो एका ओळीत संपवतात. म्हणून आज त्या एका ओळीबद्दल लिहितो.

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळा राजवाड्यात भरत असे, आजही तिथेच आहे. ज्यांच्या काळातला तो वाडा, त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं. १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. पुढे इंग्रज सरकारची शाळा त्यांच्याच वाड्यात आली आणि स्वातंत्र्यानंतर शाळेला नाव मिळालं ते महाराजांचं, प्रतापसिंह हायस्कूल. आता ती जिल्हा परिषदेची शाळा आहे. म्हणजे आमच्याच जातकुळीतली म्हणायला हरकत नाही.

आडनावाबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात. गाव आंबडवे, म्हणून आंबडवेकर, त्याचं आंबेडकर झालं ही एक. आंबेडकर आडनावाच्या एका गुरुजींनी आपलं नाव दिलं ही दुसरी. हे गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी भिवाला देत, हे बाबासाहेबांनी स्वतः कौतुकाने सांगितलेलं आहे. मला आडनावापेक्षा ती भाजी-भाकरी मोठी वाटते.

पण दाखला मिळाला तो काही कुणाच्या दयेने नाही. त्याच्या मागे एक जुनं प्रकरण आहे आणि ते मुलांना कुणी सांगत नाही. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळेने नकार दिला, मुलाने सरकारकडे अर्ज केला. सरकारचं म्हणणं असं पडलं की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील. अर्ज फेटाळला. प्रकरण वर कलकत्त्यापर्यंत, विलायतेपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील. धारवाडच्या त्या मुलाचं पुढे काय झालं कोण जाणे. त्याच्या अर्जाने उघडलेल्या दारातून बेचाळीस वर्षांनी भिवा आत गेला. बाबासाहेबांना या प्रकरणाचं महत्त्व नेमकं ठाऊक होतं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे शिक्षणाबद्दलचं निवेदन दिलं तेव्हा त्यांनी ते सविस्तर मांडलं.

दार उघडलं म्हणजे बसायला जागा मिळाली असं नाही. साताऱ्यातल्या शाळेचं वर्णन त्यांनी आपल्या आठवणींत केलंय. बसायचं वेगळं, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडायचा, मग प्यायचं. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. कायदा काही बोलो, शाळा शेवटी शिपाई चालवतो की काय असं हे वाचताना वाटतं.

याच काळातली, १९०१ ची, गोरेगावच्या प्रवासाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. वडील तिकडे नोकरीला, पोरं सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली. मसूर स्टेशनवर जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर एक बैलगाडी मिळाली. त्यातला एक तुकडा मात्र मी वर्गात नेहमी थांबून सांगतो. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं. मुसलमान आहोत असं सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. भिवाला छावणीत वाढल्यामुळे उर्दू छान येत होती. संशय राहू नये म्हणून तो नाकेदाराशी उर्दूतच बोलला. तरीही पाणी मिळालं नाही. माझी भाषा एका तहानलेल्या पोराच्या कामाला आली असती तर बरं झालं असतं, असं दरवेळी मनात येतं.

१९०४ च्या सुमाराला हे कुटुंब मुंबईला गेलं आणि भिवा एल्फिन्स्टन हायस्कुलात आला. तीही सरकारी शाळा. गणित सोडवायला तो फळ्याकडे निघाला तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलायला मुलांची धावपळ उडाली. संस्कृत शिकायचं होतं, ते शिकवायला नकार मिळाला, म्हणून फारसी घ्यावी लागली. आमच्या उर्दूवाल्यांत काही जण हे मोठ्या अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. त्यांनी फारसी निवडली नव्हती, त्यांच्यासाठी तेवढीच उरली होती. पण घेतली ती अशी की कॉलेजातही ती सोबत राहिली. १९०७ मध्ये ७५० पैकी २८२ गुण मिळवून ते मॅट्रिक झाले. आजच्या टक्केवारीच्या हिशेबाने पालक नाक मुरडतील. तेव्हा सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या पुस्तकापासून पुढची वाट आमच्या चंद्रपूरपर्यंत येते: नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेचा सोहळा इथे झाला. त्या जागेवर आज कॉलेज आहे.

मुलांना एक गंमत दाखवतो. दाखला, हजेरी, दफ्तर, कागद, शाई, दौत, रजा, अर्ज. सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. इयत्ता तेवढी संस्कृत. जी भाषा भिवाला नाइलाजाने घ्यावी लागली, तिच्याशिवाय मराठी शाळेची घंटाही होत नाही. (घंटा संस्कृत आहे, हे एका मुलीने लगेच लक्षात आणून दिलं.)

आता मोहर्लीकडे येतो. पहाटे जिप्स्या गेटकडे निघतात. कुणाचे वडील गाईड, कुणाचे ड्रायव्हर, कुणाची आई रिसॉर्टात कामाला. दाखले इथे सगळ्यांना मिळतात, गोणपाट कुणाला आणावं लागत नाही. पण २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. कागदावर ते समजूतदार दिसतं: चांगली इमारत, पुरेसे शिक्षक, येण्याजाण्याला वाहन. ताडोब्याच्या कडेच्या गावांत मात्र वीसच्या आतला पट म्हणजे अख्ख्या गावाची मुलं. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीनच्या आत हवी. ते किलोमीटर इथे डांबरी रस्त्याने मोजून चालत नाहीत. ज्या दिवशी वाहन येणार नाही त्या दिवशी त्या वाटेवर वाघ असू शकतो, आणि हे बोलण्यातलं वाक्य नाही.

अशा गावातल्या आईने मुलीला त्या दिवशी घरी ठेवलं तर तिला कोणत्या तोंडाने काय सांगायचं? हजेरीपटावर गैरहजर लिहिलं जाईल. तीस दिवस तसंच गेलं तर शाळाबाह्य मुलांच्या यादीत नाव. धारवाडच्या मुलाला निदान नकार मिळाला होता, त्यावर त्याला अर्ज करता आला.