मंडपांचा सण आणि खिरीचा सण : बेने इस्राएल समाजातील सुगीचे स्मरण

प्रस्तावना

बायबलमधील प्रमुख सण शेतीच्या वर्षाशी जोडलेले आहेत. निर्गम या पुस्तकात (23:16) वर्षअखेरीच्या सणाला ‘संग्रहाचा सण’ म्हटले आहे. लेवीय या पुस्तकात (अध्याय 23) तोच ‘मंडपांचा सण’ होतो. तिश्री महिन्याच्या 15 तारखेपासून सात दिवस मांडवात राहावे, कारण मिसर देशातून निघालेले पूर्वज असेच राहिले होते, अशी आज्ञा तिथे आहे. म्हणजे कोठार भरलेले असतानाच बेघरपणाचे दिवस आठवायचे.

कोकणातील रूप

अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी टिकली. सणांची नावेही मराठी झाली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात ‘खिरीचा सण’ येतो. तिश्रीच्या 4 तारखेला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करत आणि ऊद जाळून शेमा म्हणत.

इथे मांडव नाही आणि तारीखही वेगळी आहे. तरी नवे धान्य आधी देवाच्या नावाने, मग आपल्या ताटात, हा भाव कायम आहे. आश्विनात ‘नवे’ दारी बांधणाऱ्या कोकणातल्या शेजाऱ्यांनाही तो परका नव्हता.

ग्रंथांची पुनर्भेट

1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे 19व्या शतकात कोचीनहून आलेले यहुदी शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांमुळे हिब्रूचे शिक्षण पसरले. मंडपांचा सण ग्रंथातल्या तारखेला आणि रीतीने पाळला जाऊ लागला.

आजचा अर्थ

आज मुंबई, ठाणे किंवा इस्राएलमध्ये राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांची शेती नाही. मग सुगीच्या सणात उरते काय? मंडपाचे छप्पर वनस्पतीचे असते, आणि त्यातून आकाश दिसावे अशी प्रथा आहे. पक्क्या घरातून त्याखाली येणारा माणूस मान्य करतो, की अन्न आणि निवारा केवळ आपल्या कर्तबगारीचे फळ नाही. खिरीच्या वाटीतही हीच कबुली होती. म्हणून खिरीच्या सणाला ‘अपुरा’ सण म्हणणे इतिहासदृष्ट्या घाईचे ठरते : ग्रंथ हाताशी नसतानाही कृतज्ञता स्वयंपाकघरातून पुढच्या पिढीकडे गेली.